पेपरात आलेलं गाव

पोळ्याच्या आधीचे दिवस मला कधीच धड जात नाहीत. आभाळ भरून येतं पण पडत नाही, कपडे वाळत नाहीत, माणसं उगाच एकमेकांवर खेकसतात आणि बाजारात नवा मूग येतो. बुलढाण्याला आमच्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर शेजारचे लोक दरवर्षी मुगाच्या शेंगा वाळत घालतात. जरा ऊन पडलं की शेंगा तडतडायला लागतात. लोकांना तो आवाज ऐकला की घरात धान्य आल्यासारखं वाटतं. मी उठून खिडकी लावून घेते. सून हसते, म्हणते, आई, तुम्हाला मुगाचंही वावडं? मी म्हणते, वयाबरोबर वावडी वाढतात बाई, तुझीही वाढतील. खरं कारण सांगायला बसले तर तिचा स्वयंपाक राहून जाईल.

तो मूग अमडापूरचा आहे. आमच्या अंगणातला. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती, मी तिसरी-चौथीत असेन. त्या वर्षी अंगणात शेंगांचा ढीग पडून होता आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. आईने झाकायला टाकलेलं पोतं भिजलं होतं, त्याखाली शेंगांना मोड आले होते. मोड आलेल्या, कुबट मुगाचा वास ज्याने घेतलाय त्यालाच माहीत. तेवढा वास आला की माझ्यापुढे बाबा येतात. स्टँडवरच्या लिंबाखाली सायकलला टेकून उभे असलेले, हातात पाकीट धरलेले.

बाबांची थोडी शेती होती, पण जीव सगळा स्टँडवर. ते आमच्या भागाचे वार्ताहर होते आणि पेपरचे एजंटही तेच. लिहायचं त्यांनी आणि विकायचंही त्यांनीच. इकडच्या तिकडच्या गावच्या बातम्या जमवायच्या, उभ्या कागदावर लिहायच्या, पाकिटात घालून खामगावच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात द्यायच्या. तिथून ते पाकीट अकोल्याला जायचं. दोन-तीन दिवसांनी तीच बातमी छापून, पेपरच्या गठ्ठ्यात बांधून, एस.टी.च्या टपावर बसून परत यायची. गठ्ठा खाली पडला की बाबा सुतळी तोडायचे आणि पहिला पेपर उघडून मोठ्याने वाचायचे. वाचायचे म्हणजे काय, निम्मं छापलेलं आणि निम्मं पदरचं. शाळेला नवी घंटा आली, अमक्याच्या कपाशीला बोंडं चांगली लागली, असल्या बातम्या. एकदा एक जण मागेच लागला, भाऊ, आमच्या बैलाचं छापा. बाबा म्हणाले, "बैलाले वाचता येत असंल तं आजच छापतो." स्टँड हसला. माणसं बाबांना चहा पाजायला भांडत असत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्या वर्षी आषाढात नदीकाठच्या गावांत पटकी आली. पटकी हा शब्द पुस्तकातला, कॉलरा हा सरकारी. आमच्याकडे कुणी दोन्ही म्हणत नसे. मरीमाय आली म्हणायचे, तेही हळू. घरात माणूस पडलेला असला तरी विचारणाऱ्याला सांगायचे, जरा पोटाचं झालंय, शिळं खाल्लं. नाव घेतलं की ती आत येते असा समज. गावच्या विहिरीत लाल औषध पडलं. पाणी गुलाबी झालं आणि आम्हा पोरींना पहिले दोन दिवस मौज वाटली, सरबत सरबत म्हणून आम्ही ते हुंगत होतो. मग भातालाही गुलाबी झाक यायला लागली आणि आई ताट वाढताना तोंड फिरवायला लागली.

बाबा रोज सकाळी सायकल काढून जात. यायचे दुपारी. मागच्या दारी आई चुलीवर पाणी उकळत ठेवायची, त्यांचे कपडे काठीने उचलून त्यात टाकायची, अंगावर कढत पाणी लांबूनच ओतायची. पहिल्या पहिल्यांदा ते अंघोळ करता करता सांगत. कुठल्या गल्लीत काय पाहिलं, डोळे कसे खोल गेले होते, घरात पाणी द्यायलाही उभं माणूस उरलं नव्हतं. आईला ऐकवत नसे, पण ती अडवत नसे. पुढे पुढे ते सांगेनासे झाले. नुसतं पाणी पडल्याचा आवाज यायचा.

जायलाच पाहिजे असं काही त्यांच्यावर बंधन नव्हतं. अकोल्याच्या कचेरीने कधी विचारलं नसतं. पण बाबांना एक गोष्ट कळून चुकली होती. टोचणी करणाऱ्या डॉक्टरांची जीप एकच, गावं पुष्कळ. गावाने अर्ज पाठवला तर तो कुठल्या टेबलावर वाळत पडेल त्याचा नेम नसे. मात्र गावाचं नाव पेपरात आलं की जीप यायची. "साहेब लोक पेपर वाचतात," बाबा म्हणायचे. त्यामुळे ज्या गावाला ते जायचे राहिले, त्या गावाला जीपही राहिली, असा हिशेब त्यांच्या डोक्यात बसला. तो काढायला कुणालाच जमलं नाही.

ह्याची दुसरी बाजू अशी, की नाव छापून आलं की एस.टी. त्या गावाला थांबेनाशी व्हायची. आठवडी बाजारात त्या गावचा माणूस दिसला की लोक त्याला वेशीबाहेर घालवत. मूग पोत्यातच राहायचा. जमलेली लग्नं मोडायची. साथ महिन्या-दीड महिन्यात ओसरते, पण पेपरात आलेलं गाव वर्षानुवर्षं पेपरात आलेलंच राहतं.

आणि गाडा. आताच्या मुलांना हे ठाऊक नसेल. गावात मरी आली की सुताराकडून एक लहानसा लाकडी गाडा करून घेत. त्यात मरीमाय बसवायची, हिरव्या बांगड्या, खण, लिंबू, दहीभात. वाजतगाजत तो गाडा ओढत न्यायचा आणि शेजारच्या गावच्या शिवेत सोडून यायचं. म्हणजे बाई तिकडे गेली. त्या गावाने सकाळी गाडा पाहिला की त्यांनी तो पुढच्या शिवेत ढकलायचा. त्या वर्षी गावागावांनी आपापल्या शिवेवर काठ्या घेऊन पहारे बसवले होते. ज्यांच्या पोरी एकमेकांच्या घरी दिल्या होत्या, ती माणसं शेताच्या धुऱ्यावर उभी राहून एकमेकांच्या आईमाईचा उद्धार करत होती. दोष तरी कुणाला द्यायचा, सगळेच भ्यालेले.

बाबांना लोकांनी त्या गाड्याच्याच पंगतीत बसवलं. सायकलची घंटी वाजली की दारं लागायची. ज्या किराणावाल्याकडे आमची रद्दी जायची, त्याने एक दिवस ती परत पाठवली. गूळ तो पळसाच्या पानात बांधायला लागला. वर बाबांना भेटून सांगून गेला, भाऊ, वाईट नोका मानू, पन गिऱ्हाईक म्हनते या रद्दीत मरी हाय. बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी अंघोळीच्या दगडावर बसून ते आईला म्हणाले, "त्याइचंबी काई चुकलं नाई. लोक गाडा ओढून राह्यले आन् मी पेपर. एकाच्या दारातून उचलतो, दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवतो."

त्याच आठवड्यात आई वरणात मीठ घालायला विसरली. आई आणि मी एका घासातच थांबलो. बाबा ते अख्खं वरण खाऊन उठले. आई रिकाम्या ताटाकडे बघत बसली होती. ती घाबरली होती आणि तिला बघून मी घाबरले, एवढं आठवतं.

राखीपौर्णिमेला गोदाआत्या आली. बाबांची ही एकुलती बहीण, त्यांच्यापेक्षा बरीच लहान, त्यांनीच उजवलेली. तिचं सासर खामगावच्या वाटेवर, अमडापूरपासून एस.टी.ने तासाभराच्या आतलं. गावाचं नाव आत्ता लिहीत नाही. आमच्या घरात ते पुष्कळ वर्षं कुणी घेत नव्हतं, सवय मोडायला वेळ लागतो. कडेवर तिचा बाळू होता, नुकता पावलं टाकायला लागलेला. दरवर्षी ती आली की स्टँडपासून घरापर्यंत तिचं बोलणं ऐकू यायचं. त्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली तरी कळलं नाही.

तिने राखी बांधली, ओवाळलं. बाबांनी आणून ठेवलेली साडी ताटात ठेवली. आत्याने ती उचलून पाटावर परत ठेवली.

"दादा, साडी नोको. यंदाची ओवाळणी मी मागतो ते दे."

बाबांना कळलं असावं.

"आमच्या गावाचं नाव पेपरात नोको टाकू."

मग तिने खाली बघत सगळं सांगितलं. नदीकडच्या गल्लीत माणसं गेली होती. सासऱ्याने आणि गावच्या चार जाणत्यांनी मिळून ठरवलं होतं की हे बाहेर जाऊ द्यायचं नाही. मूग खळ्यात होता. नणंदेचं लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतरचं. तुझा भाऊ पेपरवाला, तूच जाऊन त्याचं तोंड बांध, असं सांगून तिला पाठवलं होतं. बाबांनी एवढंच विचारलं, विहिरीत लाल औषध पडलं का. ती नाही म्हणाली. डॉक्टर आला होता का. नाही.

"मंग कसं व्हईन गोदे?"

"मले त्या घरात राहाचं हाय, दादा," आत्या म्हणाली. "तुले एक दिवस लिहाचं हाय. मले जलमभर त्याइच्यात राहाचं हाय."

बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. निरांजनातली वात संपत आली होती, ती आईने पुढे सरकवली. दुपारच्या गाडीने आत्या परत गेली. साडी पाटावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी बाबा तिच्या गावाला जाऊन आले. आत्याच्या घरी गेले नाहीत, नदीकडच्या गल्लीत गेले. काय पाहिलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. अंघोळ न करता मागच्या दारीच पायरीवर बसून त्यांनी कागद लिहिला आणि स्टँडकडे निघाले. आईने मला त्यांच्या मागे पाठवलं, लांबून चाल म्हणाली. खामगावची गाडी उभी होती. कंडक्टरने खिडकीतून हात बाहेर काढला, नेहमीप्रमाणे. बाबांनी पाकीट दिलं नाही. लिंबाखाली सायकलला टेकून ते उभेच राहिले. मनगटावर आदल्या दिवशीची राखी होती. कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली, वळणाला लागली. तेव्हा सायकल तिथेच पाडून बाबा धावले. माझे बाबा धावताना मी त्या आधी कधी पाहिले नव्हते. गाडीच्या मागे धावत धावत त्यांनी ते पाकीट खिडकीत कोंबलं. मग रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, धुरळा खाली बसेपर्यंत. मी सायकल उचलायला गेले तर माझ्याच्याने ती उचलेना.

बातमी आली. ओळी चारच, बाकी सगळं कापलेलं. गावाचं नाव तेवढं ठळक होतं. जीप गेली. विहिरीत औषध पडलं, सगळ्या गावाला टोचण्या झाल्या, शाळेत बाजा टाकून माणसांना सलाईन लावलं. त्या बाजांमधल्या एका बाजेवर आत्याचा बाळू होता. जीप आणखी दोन दिवस आली नसती तर, असं आई पुढे बोलायला लागायची आणि थांबायची. बाळू वाचला. गाव वाचलं. आणि नणंदेचं लग्न मोडलं, खळ्यातला मूग कुणी घेतला नाही, एस.टी. गावाबाहेरूनच निघून जायला लागली. त्या घरात आत्याला काय काय ऐकावं लागलं असेल ते मी बाई झाल्यावर मला कळलं. सासूने तिचं माहेर बंद केलं. महालक्ष्म्यांना ती आली नाही. दिवाळीला आली नाही.

पोळा त्या वर्षी भरलाच नाही. ज्याने त्याने आपापल्या गोठ्यात बैलांना पुरणपोळी चारली. आमच्या घरी राखी पोळ्यापर्यंत हातात ठेवतात आणि मग बैलाच्या शिंगाला बांधतात. आईने आठवण करून दिली. बाबांनी हात मागे घेतला.

मग ऊन पडलं, साथ ओसरली. अकोल्याहून निरोप आला, साथ आटोक्यात आल्याची बातमी पाठवा, आता जरा सणावाराचं येऊ द्या. बाबा कागद घेऊन बसले. त्यांच्या बातम्या 'येथील' या शब्दाने सुरू होत. येथील शाळेत, येथील बाजारात. मी शेजारी पाटीवर उजळणी लिहीत होते. माझी उजळणी संपली तरी त्यांच्या कागदावर 'येथील' एवढंच होतं. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. तिसऱ्या दिवशी ते बाजेवर पडले ते चारी बाजूंनी गोधडी ओढून. ताप नव्हता, खोकला नव्हता. आईने अंगारा लावला, वैद्याचा काढा दिला, शेवटी भांडून पाहिलं. बाहेर मूग सडत होता, तो उचलायचं तिलाही सुचत नव्हतं. एका दुपारी ती त्यांच्या पायथ्याशी बसून म्हणाली, रडा तरी एकदा, मोकळं वाटंल. तेव्हा ते बोलले. आवाज अगदी साधा होता, आण एक पेला पाणी म्हणावं तसा.

"रडूच येत नाई. कोनी मेलं म्हनलं तं मी पयलं नाव इचारतो, मंग गाव इचारतो. बाकी मले काईच वाटत नाई. काऊन वाटत नाई, तेबी कळत नाई."

अशा दुखण्याला तेव्हा नाव नव्हतं. लोक म्हणाले, बाहेरचं झालं. कुणी म्हणालं, बहिणीचा तळतळाट. आता त्याला नाव आहे, डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत. परवाच्या मोठ्या साथीत टीव्हीवर एक तरुण वार्ताहर दवाखान्याबाहेर उभा राहून आकडे सांगत होता. कपडे नीटनेटके, भांग पाडलेला. पण तो आवाज मी ओळखला. मुलाला म्हटलं, बंद कर ते. त्याला वाटलं मी साथीला भ्याले.

बाबा पुढे उठले, हिंडूफिरू लागले. पेपरची एजन्सी तेवढी ठेवली. गठ्ठा पडायचा, सुतळी तोडायची, घडी न मोडता पेपर ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा. वाचून दाखवणं संपलं. घरीसुद्धा त्यांनी पुन्हा कधी पेपर उघडला नाही. पेपरवाल्याच्या घरात पेपर मी वाचायची, आणि तोही त्यांची पाठ असताना. काही वर्षांनी त्यांना चव कळायला लागली, जावयाची थट्टा करण्याइतके ते हसायलाही लागले. लेखणी मात्र धरली नाही. दर राखीपौर्णिमेला खामगावहून येणाऱ्या शेवटच्या गाडीपर्यंत ते स्टँडवर थांबत. पेपरचा हिशेब आहे म्हणत. त्यांचा हात मोकळा बघून मी राखी बांधायला गेले की म्हणत, लेकीनं बांधाची नसते वं.

ते गेले तेव्हा थंडी होती, शिवारात हरभरा होता. आई आधीच गेली होती. दुसऱ्या दिवशी दारात मोटारसायकल थांबली. मिशा पिकायला लागलेला एक माणूस उतरला आणि त्याने मागच्या सीटवरून एका म्हातारीला जपून उतरवलं. मला ओळखायला वेळ लागला. तो बाळू होता. आत्या आत आली, बाबांच्या बाजेपाशी जाऊन बसली. रडली नाही. बाजेच्या सुंभावरून हात फिरवत राहिली.

तिसऱ्या दिवशी आमच्या भागाचा तेव्हाचा वार्ताहर बातमीसाठी आला. मी त्याला सांगत होते आणि तो वहीवर पुटपुटत उतरवत होता, त्यांच्या पश्चात एक मुलगी, जावई, नातवंडे असा आप्तपरिवार आहे. लिहून झालं, तो टोपण लावायला लागला.

"बहीन हाय ना," आत्या कोपऱ्यातून म्हणाली. "बहीन लिह्य. आन् बहिनीच्या गावाचं नाव टाकजो."

तो म्हणाला, गावाचं नाव सहसा टाकत नाहीत आजी, जागा कमी असते.

"टाकजो," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, जणू मीच विचारलं होतं अशी, "तवा मीच मांगतलं होतं, नोको टाकू म्हनून. त्यानं नाई देल्ली ओवाळणी. म्हनून तं बाळू हाय." आणि मग, "हे त्याले सांगाचं राह्यलं माह्याकून."

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. मलाही.

पेपर आला त्या दिवशी ती अजून आमच्याकडेच होती. तिला अक्षरओळख नव्हती. तिने मला जवळ बसवलं आणि बोट माझ्या हातात दिलं, कुठं हाय ते दाखव म्हणाली. मी ते बोट धरून ओळीवरून नेलं आणि शेवटच्या ओळीत थांबवलं.

"हेच?"

"हेच, आत्या. कवठबर्डी."